पिकअपच्या हौद्यातलं घर: फायबरग्लासचा कॅम्पर घरच्या घरी कसा बनतो?

अमेरिका आणि कॅनडात पिकअप ही फक्त माल वाहायची गाडी नाही. शेतकरी, सुतार, प्लंबर तर ती वापरतातच, पण शहरात राहणारी, ऑफिसला जाणारी माणसंही हौसेने पिकअप बाळगतात. फोर्डची एफ-सीरीज ही कित्येक दशकं तिथल्या सर्वाधिक खपाच्या गाड्यांमध्ये आहे. आता दारात अशी गाडी उभी आहे, मागे उघडा हौदा आहे आणि सुट्टीत डोंगरात किंवा वाळवंटात मुक्कामाला जायचंय. मग त्या हौद्यातच झोपायची खोली का बसवू नये?

याच प्रश्नातून ट्रक कॅम्पर जन्माला आला. कंपनीचा नवा, सगळ्या सोयींचा कॅम्पर घ्यायचा तर किंमत सहज काही दहा हजार डॉलरच्या घरात जाते. त्यामुळे अनेक हौशी लोक गॅरेजमध्ये, फोमचे तक्ते आणि फायबरग्लास वापरून स्वतःच कॅम्पर बनवतात. व्हिडिओ बघून हे काम सोपं वाटतं. ते तितकंसं सोपं नाही, पण अशक्यही नाही. मात्र ते फसतं ते लोकांना वाटतं तिथे नाही. 'फायबर तुटेल का?' ही बहुतेकांची भीती असते. प्रत्यक्षात कॅम्पर वाया जातो तो वजनामुळे, चुकीच्या रेझिनमुळे आणि खिडकीसाठी पाडलेल्या भोकांमुळे.

कॅम्पर म्हणजे नेमकं काय?

कॅम्पर, कॅरॅव्हॅन आणि मोटरहोम हे शब्द आपल्याकडे सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात. मोटरहोममध्ये घर आणि गाडी एकच असतात. ट्रेलर गाडीच्या मागे जोडून ओढतात. ट्रक कॅम्पर मात्र पिकअपच्या हौद्यात ठेवायचा एक डबा आहे. चार कोपऱ्यांना जॅक लावून तो उचलायचा, गाडी खालून पुढे काढायची, की सोमवारी तीच गाडी पुन्हा कामाला तयार.

यातही प्रकार आहेत. सगळ्यात साधं म्हणजे हौद्यावरचं झाकण, ज्याच्या आत गादी टाकून आडवं होता येतं. त्यापुढचा प्रकार म्हणजे उभं राहता येईल इतका उंच डबा. आणि पूर्ण कॅम्परमध्ये पुढचा भाग ड्रायव्हरच्या केबिनच्या टपावर झुकलेला असतो, त्या झुकलेल्या भागात पलंग असतो. घरी बनवणारे बहुतेक जण हाच तिसरा प्रकार निवडतात, कारण त्यात हौद्याची सगळी जागा स्वयंपाक आणि बसण्यासाठी मोकळी राहते.

अमेरिकी लेखक जॉन स्टाइनबेक यांनी १९६० मध्ये जीएमसीच्या पिकअपवर असंच एक घर बसवून घेतलं आणि चार्ली नावाच्या कुत्र्याला सोबत घेऊन देशभर भटकंती केली. डॉन किहोतेच्या घोड्यावरून त्या गाडीचं नाव त्यांनी 'रोसिनान्ते' ठेवलं होतं. कॅलिफोर्नियातल्या सलिनास इथल्या स्टाइनबेक केंद्रात ती आजही बघायला मिळते.

फायबरग्लासच का?

मराठीत आपण नुसतं 'फायबर' म्हणतो. फायबरची बोट, फायबरचा दरवाजा, फायबरचा पुतळा. हे 'फायबर' म्हणजे दोन गोष्टींचं मिश्रण असतं: काचेच्या बारीक तंतूंचं कापड आणि त्याला घट्ट धरून ठेवणारं रेझिन. तंतू ताण सोसतात, रेझिन त्यांना जागच्या जागी ठेवतं. लोखंडी सळ्या आणि काँक्रीटची जोडी डोळ्यासमोर आणली तर कल्पना येईल.

काचतंतूंचं औद्योगिक उत्पादन अमेरिकेत १९३० च्या दशकात सुरू झालं. १९५३ मध्ये शेवरोलेने कॉर्व्हेट ही फायबरग्लासच्या बॉडीची गाडी बाजारात आणली. बोटी तर त्याआधीपासूनच बनत होत्या. मुक्कामी गाड्यांमध्ये या साहित्याचं नाव झालं ते कॅनडातल्या विनिपेगमध्ये. १९६८ च्या सुमारास रे ओलेको यांनी 'बोलर' नावाचा छोटा, अंड्यासारखा ट्रेलर आणला. वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग साच्यातून काढायचा आणि मध्ये जोडायचा, अशी त्याची रचना. ओलेको यांनी त्याआधी फायबरग्लासची सेप्टिक टाकी बनवली होती. टाकीतून पाणी बाहेर येत नसेल तर ट्रेलरमध्ये पाणी आत का यावं, असा साधा हिशोब! पन्नास वर्षांपूर्वीचे बोलर आजही रस्त्यावर दिसतात. त्याच काळातले लाकडी सांगाडा आणि पत्र्याचे अनेक ट्रेलर मात्र आतून कुजून संपले. फरक जोडांच्या संख्येचा आहे. जितके जोड कमी, तितक्या पाण्याला वाटा कमी.

पण साचा बनवणं हे कारखान्याचं काम. एकच कॅम्पर बनवायचा असेल तर साच्याला लागणारी मेहनत कॅम्परपेक्षा जास्त होते. यावर उपाय आला तो विमानांच्या दुनियेतून. बर्ट रुटान या अमेरिकी डिझायनरने १९७० च्या दशकात 'व्हेरीईझ' नावाचं छोटं विमान तयार केलं आणि त्याचे आराखडे हौशी लोकांना विकले. त्यात साचा नव्हताच. फोमचा ठोकळा गरम तारेने हव्या त्या आकारात कापायचा आणि त्याच्यावरच काचेचं कापड रेझिनने चिकटवायचं. फोम बाहेर काढायचा नाही, तो आतच राहतो. घरगुती कॅम्पर बनवणारे आज जे करतात ते याच पद्धतीचं साधं रूप आहे.

फोम आत ठेवण्यामागे एक सोपं यांत्रिक कारण आहे. काचेच्या कापडाचा एक मिलिमीटरचा थर हाताने सहज वाकतो. पण असे दोन थर पाच सेंटिमीटर अंतरावर ठेवले आणि मधली जागा फोमने भरली, तर तीच भिंत ताठ होते. वाकवताना एका बाजूच्या थरावर ताण येतो, दुसऱ्यावर दाब, आणि मधला फोम दोघांना सरकू देत नाही. थरांमधलं अंतर दुप्पट केलं की ताठपणा साधारण चौपट होतो, वजन मात्र फारसं वाढत नाही. शिवाय फोम थंडी-उन्हापासून बचाव करतो, तो फायदा वेगळाच.

आधी वजनाचा हिशोब, मग फोमची खरेदी

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पिकअपच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं एक लेबल असतं. गाडीतली माणसं आणि सामान मिळून एकूण किती वजन चालेल, तो आकडा त्यावर लिहिलेला असतो. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचा आकडाही वेगळा असू शकतो, कारण चार दरवाजे, सनरूफ, फोर व्हील ड्राइव्ह अशी प्रत्येक गोष्ट त्यातून वजा होते. जाहिरातीतला आकडा धरून कॅम्पर बनवायला घेणं ही म्हणूनच पहिली मोठी चूक.

मध्यम आकाराच्या पिकअपचं उदाहरण घेऊ. समजा लेबलवर ५०० किलो आहेत. दोन माणसं धरली १५० किलो. राहिले ३५०.

आता कॅम्परचं कवच. भिंती, छप्पर, तळ मिळून साधारण २० चौरस मीटर पृष्ठभाग धरू. ५० मिलिमीटर जाडीचा एक्सपीएस फोम लागला १ घनमीटर, म्हणजे सुमारे ३० किलो. बाहेरून दोन आणि आतून एक असे कापडाचे तीन थर, प्रत्येक थरात चौरस मीटरला २०० ग्रॅम काच आणि तेवढंच रेझिन धरलं तर २४ किलो. नवशिका माणूस रेझिन जास्तच ओततो, म्हणून ३० धरा. इथपर्यंत ६० किलो, म्हणजे गंमतच वाटते. पण लाकडी पट्ट्या, गोंद, लांबी, रंग, दार आणि दोन खिडक्या जोडल्या की कवच १३० किलोवर जातं. पलंग आणि कपाटं ५०. पाणी ४० लिटर म्हणजे ४० किलो. बॅटरी आणि सोलर पॅनल ३५. शेगडी आणि गॅस १५. कपडे, खाणं, हत्यारं ६०. बेरीज ३३०. हातात उरले २० किलो, आणि अजून कुत्रा गाडीत बसायचाय.

म्हणूनच प्लायवूडचा मोह आवरावा लागतो. ८ बाय ४ फुटांचा १२ मिलिमीटरचा प्लायचा एक तक्ता २० किलोच्या आसपास भरतो. त्याच मापाचा ५० मिलिमीटर जाड फोमचा तक्ता चार-साडेचार किलोचा असतो. कपाटांसाठी 'चांगला दणकट' प्लाय वापरला की फायबरमध्ये वाचवलेलं सगळं वजन तिथे खर्च होतं. घरगुती कॅम्पर जड होतात ते असे, एकेका कपाटाने.

वजन किती, याइतकंच ते कुठे हेही महत्त्वाचं. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या थोडा पुढे पडायला हवा. पाण्याची टाकी आणि बॅटरी फाळक्याजवळ ठेवली तर गाडीचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंगची पकड कमी होते. टाकी पुढे आणि खाली, हलक्या वस्तू वर आणि मागे, असा साधा नियम. अमेरिकी केंद्रीय नियमांनुसार पिकअप बनवणाऱ्या कंपनीला कॅम्परचा गुरुत्वमध्य कुठे यावा याची माहिती द्यावी लागते. ती गाडीसोबतच्या पुस्तिकेत मिळते, पण ती उघडून बघणारे कमीच.

हा डबा उभा कसा राहतो?

पहिलं काम कागदावरचं. हौद्याची आतली रुंदी, चाकांवरच्या उंचवट्यांमधली रुंदी, केबिनच्या टपाची उंची ही मापं चुकली तर पुढचं सगळं चुकतं. चालत्या गाडीत हौदा आणि केबिन एकमेकांच्या तुलनेत हलतात, कारण चेसिस थोडी पिळते. म्हणून पलंगाचा पुढे झुकलेला भाग टपाला टेकवायचा नसतो, मध्ये काही इंचांची फट ठेवायची असते. अनेकजण पुठ्ठ्याचा पूर्ण आकाराचा नमुना आधी बनवून त्यात झोपून बघतात. हसू येईल, पण तीन डॉलरच्या पुठ्ठ्यावर चूक परवडते.

मग फोम कापायचा. बांधकामात वापरतात तो गुलाबी किंवा निळा एक्सपीएस फोम यासाठी चांगला, कारण त्याच्या पेशी बंद असतात आणि तो पाणी जवळपास पीत नाही. आपल्या ओळखीचा पांढरा दाणेदार थर्माकोल त्यामानाने कमी ताकदीचा, आणि दाण्यांच्या फटींतून पाणी धरून ठेवणारा. तक्ते पॉलियुरेथेन गोंदाने एकमेकांना चिकटवले जातात. दार-खिडक्यांच्या कडेला, जॅक लागणार तिथे आणि कपाटं लटकणार तिथे फोम कोरून लाकडाच्या पट्ट्या बसवल्या जातात. हे आत्ताच करायचं. वर कापड चढल्यावर लाकूड नेमकं कुठे आहे ते दिसत नाही.

त्यानंतर कडा गोल करायच्या. काचेचं कापड धारदार कोपऱ्यावर बसत नाही, ते उचललं जातं आणि खाली हवेचा बुडबुडा राहतो. बाहेरच्या कडा पॉलिश पेपरने घासून गोल करतात. आतल्या कोपऱ्यांत रेझिनमध्ये काचेची अतिसूक्ष्म पोकळ पूड मिसळून केलेली लांबी भरतात आणि चमच्याच्या पाठीने गोलाई देतात. कंटाळवाणं काम आहे, पण भिंत आणि छत यांचा जोड याच गोलाईवर टिकतो.

शेवटी कापड. ते कोरडंच पसरून, सुरकुत्या काढून, त्यावर रेझिन ओतून रबरी पट्टीने पसरवायचं. पांढरं कापड भिजलं की पारदर्शक दिसतं. पांढरे ठिपके राहिले तर तिथे रेझिन पोहोचलेलं नाही. चकाकणारं डबकं दिसलं तर ते जास्त झालंय, पट्टीने खरवडून काढायचं. कापडाची वीण बोटाला जाणवावी इतपतच रेझिन हवं. रेझिन जास्त म्हणजे मजबुती जास्त, हा समज चुकीचा आहे. ताकद काचेत असते, जास्तीचं रेझिन फक्त वजन वाढवतं आणि तडकतं.

रेझिनची निवड: इथे माफी नाही

बाजारात मुख्यतः दोन प्रकारची रेझिन मिळतात, पॉलिएस्टर आणि इपॉक्सी. पॉलिएस्टर स्वस्त. बोटी, बाथटब, गाड्यांचे बंपर यांच्यासाठी तेच वापरतात. इपॉक्सी दुप्पट-तिप्पट महाग. साहजिकच हात स्वस्त डब्याकडे जातो.

पण पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि एक्सपीएस असो की थर्माकोल, दोन्ही पॉलिस्टायरीनचेच. स्टायरीन पॉलिस्टायरीनला विरघळवतं. फोमवर पॉलिएस्टर ओतलं की काही क्षणांत फोमला खड्डे पडतात आणि भिंत डोळ्यांदेखत आत बसते. दोन आठवड्यांचं काम दोन मिनिटांत जातं. पॉलिएस्टरच वापरायचं असेल तर फोम पॉलियुरेथेनचा हवा. एक्सपीएस असेल तर इपॉक्सीच, तिसरा पर्याय नाही. शंका असेल तर फोमच्या टाकाऊ तुकड्यावर आधी थेंबभर टाकून बघावं.

इपॉक्सीचे स्वतःचे नखरे आहेतच. पॉलिएस्टरमध्ये कॅटॅलिस्ट साधारण १ ते २ टक्के घालतात, थंडी-उन्हानुसार थोडं कमी-जास्त चालतं. इपॉक्सीत तसं नाही. कंपनीने सांगितलेलं प्रमाण, समजा दोनास एक, तंतोतंत पाळावं लागतं. 'लवकर सुकावं म्हणून' हार्डनर वाढवला तर ते कायमचं चिकट राहतं आणि खरवडून काढण्याशिवाय इलाज उरत नाही. शिवाय इपॉक्सी सुकताना उष्णता सोडतं. मगभर मिश्रण तसंच ठेवलं तर ते तापतं, धूर सोडतं, प्लास्टिकचा मग वितळवतं. म्हणून थोडं थोडं मिसळून लगेच पसरट ट्रेमध्ये ओततात. अनेक इपॉक्सींवर सुकल्यावर मेणासारखा पातळ थर येतो. तो पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा थर दिला तर तो नीट धरत नाही. आणि थंडीत, १५ अंशांखाली, बरीच इपॉक्सी नीट सुकतच नाहीत.

तब्येतीचा मुद्दा त्याहून गंभीर. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. इपॉक्सीला फारसा वास नसतो, म्हणून लोक ते निर्धास्त हाताळतात. पण त्याच्या वारंवार स्पर्शाने त्वचेची ॲलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की ती सहसा आयुष्यभर राहते. त्यानंतर नुसतं ताजं इपॉक्सी जवळ आलं तरी पुरळ उठतं. कॅम्पर अर्धवट सोडून देण्याचं हे एक कारण असतं. नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, रेझिनच्या वाफेसाठी कार्बन फिल्टरचा मास्क आणि घासताना धुळीचा मास्क, एवढं हवंच. कोविडच्या काळातला कापडी मास्क इथे काहीही थांबवत नाही.

ज्यांना हे सगळं नको, ते अमेरिकेत आणखी एक जुगाड करतात. फोमवर जाड सुती कापड, वॉटरप्रूफ लाकडाचा गोंद आणि वरून घराला लावायचा बाहेरचा रंग. याला तिथे गमतीने 'गरिबाचं फायबरग्लास' म्हणतात. छोट्या, हलक्या ट्रेलरला ते चालून जातं. पण जॅकवर उचलायच्या आणि टपावर माणसं झोपवायच्या कॅम्परसाठी काचेइतकी ताकद त्यात नाही.

वरून रंग लागतोच, कारण इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं आणि खराब होतं. रंग पांढरा किंवा फिकाच असावा. एक्सपीएस फोम साधारण ७४ अंश सेल्सिअसपर्यंतच वापरायचा असतो, आणि भर उन्हात काळा पृष्ठभाग या आकड्याच्या जवळ जाऊ शकतो. काळा मॅट कॅम्पर फोटोत देखणा दिसतो. ॲरिझोनाच्या उन्हात तो कापड आणि फोम वेगळे करू शकतो.

भोकं पाडली की पाणी आलं

कवच तयार झालं की ते जलरोधक असतं. मग माणूस त्यात खिडकी, दार, पंखा, सोलरची वायर आणि छतावरचा रॅक यांसाठी भोकं पाडायला घेतो. पुढे कधी गळती झालीच, तर ती बहुधा याच भोकांतून.

फोममध्ये स्क्रू धरत नाही आणि आरपार बोल्ट आवळला तर भिंत चेपते. बोट बनवणाऱ्यांची युक्ती इथे कामी येते. भोक हव्या त्या मापापेक्षा मोठं पाडायचं, आजूबाजूचा फोम थोडा कोरायचा, ती पोकळी घट्ट इपॉक्सीने भरायची, सुकल्यावर मधोमध योग्य मापाचं भोक पाडायचं. आता बोल्ट इपॉक्सीच्या बुचातून जातो. पाणी शिरलं तरी भिंतीच्या पोटात जात नाही. खिडकीची चौकट ब्यूटिल टेपवर बसवावी. सिलिकॉन हाताशी असतं म्हणून तेच फासलं जातं, पण त्यावर पुढे रंग किंवा रेझिन काही धरत नाही आणि दुरुस्तीच्या वेळी ते पूर्ण निघतही नाही.

दुसरं पाणी आतूनच येतं. बंद डब्यात झोपलेली दोन माणसं श्वास आणि घामातून रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास ओलावा सोडतात. थंड रात्री तो खिडक्यांवर आणि गादीखाली साचतो. छताला एक झडप आणि खाली हवा आत यायला जागा, आणि गादीखाली पट्ट्यांची जाळी एवढ्याने तो आटोक्यात येतो.

गाडीला बांधणं आणि आत झोपणं

१३० किलोचं रिकामं कवच हौद्यात नुसतं ठेवून चालत नाही. अचानक ब्रेक लागला तर ते केबिनवर येईल, समोरून वारा आला तर पुढचा झुकलेला भाग उचलला जाईल. खाली रबरी चटई आणि चारही कोपऱ्यांना टर्नबकल हा रूढ मार्ग. टर्नबकल हौद्याच्या पत्र्याला नव्हे, चेसिसला जोडलेल्या हुकांना बांधलेले चांगले. पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून ते पुन्हा आवळायचे असतात. आणि लांबच्या प्रवासाआधी भरलेली गाडी वजनकाट्यावर न्यायची, पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं बघायचं. कागदावरची बेरीज किती खोटी होती ते तिथेच कळतं.

आतल्या दोन धोक्यांकडे मात्र घरगुती बांधणीत सर्रास दुर्लक्ष होतं. पहिला कार्बन मोनॉक्साइड. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे जीव गेल्याच्या बातम्या महाराष्ट्राला नव्या नाहीत. कॅम्पर म्हणजे त्याच मापाची, त्याहून जास्त हवाबंद खोली. गाडीच्या सायलेन्सरचा धूरही मागच्या दाराच्या फटीतून आत ओढला जाऊ शकतो. शेगडी पेटवून झोपायचं नाही, उबेसाठी तर नाहीच. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवायचाच. गॅसची टाकी ठेवायची तर कॅम्परच्या आतून बंद आणि बाहेरच्या बाजूने तळाशी छिद्र असलेल्या कप्प्यात, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो.

दुसरा धोका आगीचा. पॉलिस्टायरीन पेटलं की दाट काळा धूर करतं. शेगडी बहुतेक कॅम्परमध्ये दाराशीच असते. म्हणजे आग लागली तर एकमेव वाट तिथेच बंद. पलंगाजवळची एक खिडकी माणूस बाहेर पडेल इतकी मोठी आणि आतून ढकलून उघडणारी असलीच पाहिजे. ही खिडकी आराखड्यातच हवी, नंतर कापायची म्हटलं तर पुन्हा भोकांचं सगळं आलं.

वेळ किती लागतो? नोकरी सांभाळून करणाऱ्याचे सहा महिने ते वर्षभराचे शनिवार-रविवार सहज जातात, आणि त्यातला मोठा भाग फक्त घासण्यात. खर्च कंपनीच्या कॅम्परपेक्षा बराच कमी येतो, पण जुना वापरलेला कॅम्पर मिळत असेल तर 'घरचा स्वस्त' हा दावा टिकेलच असं नाही. हौस आणि हवं तसं माप, हीच खरी कारणं.

भारतात असं करता येईल का?

हात कामाला लागतील, साहित्यही मिळेल. कोकण किनाऱ्यावर मासेमारीच्या फायबरच्या बोटी वर्षानुवर्षं बनतायत, ते कारागीर हे काम आपल्यापेक्षा कितीतरी सफाईने करतील. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारख्या पिकअपही इथे आहेत. अडचण कायद्याची आहे.

अमेरिकेत हौद्यात ठेवलेला कॅम्पर अनेक राज्यांत गाडीचा भाग नव्हे तर माल धरला जातो, त्यामुळे वेगळी नोंदणी लागत नाही. तरी प्रवासात आत माणूस बसू शकतो का, याचे नियम राज्यागणिक बदलतात. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आरसी बुकातली माहिती कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळी ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ ठामपणे मांडला. शिवाय मालवाहू म्हणून पासिंग झालेल्या पिकअपच्या हौद्यात प्रवासी बसवता येत नाहीत, हौद्याला खिडक्या आणि पडदे असले तरीही.

मुक्कामी गाडी कायदेशीरपणे हवी असेल तर त्यासाठी 'मोटर कॅरॅव्हॅन' हा वेगळा वर्ग आहे आणि एआयएस-१२४ हे त्याचं मानक आहे. गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून, मंजूर करून घ्यावा लागतो. एका हौशी माणसाने एका गाडीसाठी करायचं हे काम नाही, म्हणून इथे हा मार्ग गाड्या बांधणाऱ्या व्यावसायिकांकडूनच जातो. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याचा रोखही नोंदणीकृत कॅरॅव्हॅन आणि त्या उभ्या करायच्या कॅरॅव्हॅन पार्कवर आहे. फोम-फायबरचा हात बसवायचाच असेल, तर न हलणाऱ्या गोष्टीपासून सुरुवात करता येते: शेतावरची झोपायची केबिन, टपरी, किंवा कुत्र्याचं घर. रेझिन, कापड आणि मास्क तिथेही तेच लागतात. फक्त आरटीओ लागत नाही.